नकाशावरून थेट एनर्जी मॉडेल: लातूरच्या एका हॉस्टेलवर ठेचा खात शिकलेली पद्धत

लातूरला एका विद्यार्थी हॉस्टेलचं काम आलं होतं. मालकाचा प्रश्न सरळ होता. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत एप्रिल-मेमध्ये पोरं झोपू शकत नाहीत. गच्चीला पांढरा रंग मारावा, वरती पत्र्याचं शेड टाकावं, की गप कूलर वाढवावेत? पैसे घालण्याआधी कशानं किती फरक पडतो ते दाखवा, म्हणाले.

एका मजल्यावर २२ खोल्या, असे चार मजले, म्हणजे ८८ खोल्या. एनर्जीप्लस हे इमारत किती तापेल, किती ऊर्जा खाईल ते संगणकावर काढणारं (सिम्युलेशनचं) सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जगभर वापरतात, पण त्याला प्रत्येक भिंतीच्या, छताच्या, फरशीच्या आणि खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्याचे एक्स, वाय, झेड द्यावे लागतात. पहिल्या दिवशी हातानं भरायला बसलो. संध्याकाळपर्यंत सहा खोल्या झाल्या आणि त्यातल्या दोन उलट्या होत्या.

मग पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला आणि तीन आठवडे भलत्याच गोष्टीवर घातले. कसलाही नकाशा टाका, त्यातल्या भिंती आपोआप ओळखणारा प्रोग्राम मी लिहीत होतो. शेवटी काम झालं ते उलट्या बाजूनं: प्रोग्राम बावळटच ठेवला आणि नकाशा त्याला वाचता येईल असा करून घेतला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच समजुतीवर उभ्या आहेत. तुम्ही सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचे असाल आणि पायथनची जुजबी ओळख असेल, तर एवढ्यावर निभावतं.

आधी जमवायच्या गोष्टी

नकाशाची डीडब्ल्यूजी, म्हणजे मूळ कॅड फाइल (पीडीएफ दिली तर गोड बोलून डीडब्ल्यूजी मागा), एक तरी सेक्शन (उभा छेद), दार-खिडक्यांचा तक्ता, एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळांचा तक्ता), साइटचं उपग्रह नकाशावरचं ठिकाण आणि ईपीडब्ल्यू प्रकारातली, वर्षभराच्या तासातासाच्या हवामानाची फाइल. सॉफ्टवेअरमध्ये एनर्जीप्लस, डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ (प्रोग्रामला वाचता येणारा प्रकार) करायला ओडीए फाइल कन्व्हर्टर, पायथनमध्ये डीएक्सएफ वाचायला ईझेडडीएक्सएफ, आकृत्यांची भूमिती सांभाळायला शेपली, आणि मॉडेल उभं करायला जिओमेपी किंवा ड्रॅगनफ्लाय. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. शिवाय मोजपट्टी आणि साइटवर एक चक्कर.

१. हातातला नकाशा कोणता आहे ते ठरवा

मंजुरीचा नकाशा, कामाचा नकाशा आणि उभी इमारत, या तिन्हींत फरक असतो. आमच्या हॉस्टेलच्या मंजूर नकाशात प्रत्येक मजल्याला दोन बाल्कन्या होत्या. जागेवर गेलो तर दोन्हींत कॉट टाकलेले. साइटवर जाऊन बंद केलेल्या बाल्कन्या, बुजवलेल्या खिडक्या आणि मागाहून काढलेल्या भिंती नकाशाच्या प्रिंटवर लाल पेनानं उतरवा. नकाशातली चूक प्रोग्रामला कळत नाही, तो ती इमानदारीनं पुढे नेतो.

नकाशा स्कॅन केलेला किंवा जुना ब्लूप्रिंट असेल तर? चित्रावरून भिंती ओळखणारी मशीन लर्निंगची मॉडेलं आहेत. ती शिकवायला बऱ्याच ठिकाणी क्युबिकासा ५के हा ५,००० नकाशांचा संग्रह वापरतात. पण ते नकाशे फिनलंडमधले आहेत. त्यात खोल्यांच्या प्रकारांत सौना आहे, देवघर नाही. आपल्याकडच्या, हातानं काढलेल्या आणि घड्यांवर रेघा उमटलेल्या नकाशावर मी ते चालवून पाहिलं, तर दुरुस्तीला लागलेल्या वेळात नकाशा पुन्हा काढून झाला असता. दोन-चार इमारतींसाठी स्कॅन मागे ठेवा आणि वरून हातानं रेघा ओढा. ओपनस्टुडिओतल्या फ्लोअरस्पेसजेएस या साधनात चित्र पार्श्वभूमीला ठेवून खोल्या काढता येतात. कोडिंग अजिबात नको असेल त्यांच्यासाठी तोच रस्ता बरा.

२. ड्राफ्ट्समनकडून एक जादा लेयर करून घ्या

सगळ्या पद्धतीचा जीव इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेहमीच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या दारापाशी तुटतात, कॉलमपाशी हॅचमध्ये गडप होतात, कुठे एकावर एक दोनदा ओढलेल्या असतात. माणसाचा डोळा हे सगळं भरून काढतो, प्रोग्रामच्या लेखी मात्र खोली बंदच होत नाही. दाराच्या तीन फुटी फटीतून हॉल, पॅसेज आणि जिना मिळून एकच अवाढव्य खोली तयार होते.

माझ्या ड्राफ्ट्समनला लेयर मागितला तर म्हणाला, "सर, प्रिंट तर बरोबर निघतीय की. लेयर कशाला लागतंय अजून?" त्याचं चूक नव्हतं, त्याचा नकाशा कागदासाठी होता. त्याच्या शेजारी बसून हे ठरवलं:

'झोन' (एनर्जीप्लस ज्याचं एकच तापमान धरतं असा भाग) नावाच्या नव्या लेयरवर प्रत्येक खोलीच्या आतल्या कडेनं एक बंद पॉलीलाइन. बाउंड्री कमांड वापरायची, दाराच्या फटीत आधी एक रेघ टाकून ती बंद करायची. खोलीचा क्रमांक पॉलीलाइनच्या आत, साध्या टेक्स्टमध्ये. डक्ट, लिफ्टचा खड्डा आणि उघडा चौक यांना 'शून्य' नावाचा वेगळा लेयर. खिडक्या 'खिडकी' लेयरवर, प्रत्येक खिडकीला भिंतीच्या लांबीत एकच रेघ आणि शेजारी तक्त्यातला तिचा क्रमांक. प्रत्यक्ष फाइलमध्ये ही नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा.

मजले सारखेच असल्यानं एकाच मजल्याचं काम होतं. पाऊण तासात झालं, मधला चहा धरून. याच पाऊण तासाचं काम करणारा प्रोग्राम मी तीन आठवडे लिहीत होतो.

३. एकक तपासा, आणि '१०.१०' पासून सावध राहा

डीएक्सएफ फाइलच्या सुरुवातीला एककाचा आकडा असतो: १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलीमीटर, ६ मीटर. त्यावर विश्वास ठेवू नका. कुणीतरी जुनी फाइल उघडून त्यावरच नवा नकाशा काढलेला असतो आणि तो आकडा जुन्याच कामाचा राहतो. ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी एक गोष्ट, समजा तीन फुटी दार, नकाशात मोजा. ३६ आलं तर इंच, ९०० च्या आसपास आलं तर मिलीमीटर. एनर्जीप्लसला सगळं मीटरमध्ये लागतं.

दुसरा खड्डा आपल्याकडचा खास. साडेदहा फूट आपण '१०.६' असं लिहितो, म्हणजे दहा फूट सहा इंच. प्रोग्राम ते दशांश समजतो. तिथं चूक इंच-सव्वा इंचाची होते, ती एकवेळ खपेल. पण '१०.१०' म्हणजे दहा फूट दहा इंच हे प्रोग्रामनं आकडा म्हणून वाचलं की उरतं १०.१. तिथं थेट नऊ इंचांचा घोळ होतो आणि '१०.१' लिहिलेल्या खोलीत नि हिच्यात फरकच राहत नाही. दार-खिडक्यांचा तक्ता एक्सेलमध्ये घेताना हे रकाने आकडा म्हणून घेऊ नका, मजकूर म्हणून घ्या, मग टिंबावर तोडून फूट नि इंच वेगळे करा.

४. डीएक्सएफ वाचा

कोड छोटा आहे: 'झोन' लेयरवरच्या सगळ्या बंद पॉलीलाइन घ्या, शेपलीत त्यांचे बहुभुज करा, कोणता टेक्स्ट कोणाच्या आत पडतो ते पाहून नाव द्या. तीन ठिकाणी मी अडकलो.

पहिलं, आरशातल्या खोल्या. पॅसेजच्या एका बाजूच्या खोल्या काढून ड्राफ्ट्समन त्या मिरर करतो. अशा काही वस्तू फाइलमध्ये उलट्या अक्षावर नोंदल्या जातात आणि कोऑर्डिनेट जसेच्या तसे घेतले तर निम्मं हॉस्टेल उगमबिंदूच्या पलीकडे जाऊन बसतं. ईझेडडीएक्सएफमध्ये वस्तूचे कोऑर्डिनेट जागतिक अक्षांत बदलून घेण्याची सोय आहे. ती न चुकता वापरा. त्यानंतर प्रत्येक बहुभुजाची फिरण्याची दिशाही (कोपरे घड्याळाच्या दिशेनं घ्यायचे की उलट) एकसारखी करून घ्या.

दुसरं, मराठी नावं. नकाशात 'स्वयंपाकघर' दिसतं, पण ते युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर प्रोग्रामच्या हाती अक्षरांचा भुसा येतो. म्हणूनच वर खोलीला फक्त क्रमांक द्यायला सांगितलं. कोणता क्रमांक म्हणजे कोणती खोली, ते वेगळ्या तक्त्यात ठेवा.

तिसरं, कचरा. चुकून राहिलेले बारीक तुकडे काढायला 'एक चौरस मीटरपेक्षा लहान ते टाकून द्या' असा नियम लावतात. तो सांभाळून लावा. तीन बाय चारचं संडास भरतं १.११ चौरस मीटर. थोडं अरुंद असलं की गेलंच ते.

मग सगळ्या खोल्या वेगवेगळ्या रंगांत काढून कागदावर छापा आणि मूळ नकाशाशेजारी ठेवा. खोल्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज एरिया स्टेटमेंटमधल्या कार्पेट एरियाशी ताडून पाहा. मेळ बसेपर्यंत पुढे सरकू नका.

५. भिंतीच्या जाडीचा निकाल लावा

एनर्जीप्लसच्या भूमितीत भिंतीला जाडी नसते. जाडी फक्त साहित्याच्या वर्णनात जाते, आकृतीत भिंत म्हणजे कागदासारखा पातळ पृष्ठभाग. आपल्या खोल्या मात्र आतल्या कडेनं काढलेल्या, म्हणजे दोन खोल्यांमध्ये नऊ इंचांची मोकळी फट. ती तशीच ठेवली तर प्रोग्रामला त्या शेजारणी वाटतच नाहीत आणि दोन्ही भिंती बाहेरच्या ठरतात. प्रत्येक खोलीला चहूबाजूंनी ऊन लागतं! माझ्या पहिल्या रनमध्ये मधल्या खोल्या कोपऱ्यातल्या खोल्यांइतक्याच तापल्या होत्या, तेव्हा कुठे हे ध्यानात आलं.

उपाय म्हणजे खोल्या अर्ध्या जाडीनं फुगवून भिंतीच्या मध्यरेषेवर आणायच्या. शेपलीच्या बफरनं ते होतं, मात्र कोपरे टोकदार राहतील अशी मायटर जोडणी निवडा, नाहीतर कोपरे गोल होऊन एकेका भिंतीचे आठ-दहा तुकडे पडतात. बफर सगळ्या बाजूंना सारखाच फुगवतो, त्यामुळे एका बाजूला नऊ इंची आणि दुसऱ्या बाजूला साडेचार इंची भिंत असेल तर बारीक फटी किंवा एकावर एक चढलेल्या पट्ट्या उरतात. त्यासाठी पाच-सहा सेंटिमीटरच्या आतले कोपरे एकमेकांना चिकटवून घ्या.

आता याची किंमत. दहा बाय बाराची खोली नऊ इंची भिंतींच्या मध्यरेषेवर नेली की १०.७५ बाय १२.७५ होते, १२० चौरस फुटांची १३७, म्हणजे १४ टक्के वाढ. हवेचं घनफळही तेवढंच फुगतं आणि 'तासाला इतक्या वेळा हवा बदलते' हा हिशेब बिघडतो. सुटका सोपी आहे: एनर्जीप्लसमध्ये झोनचं घनफळ आणि फरशीचं क्षेत्रफळ आपण हातानं देऊ शकतो. फुगवण्याआधीचे आकडे जपून ठेवा आणि तेच तिथं भरा.

जुन्या गढीचं किंवा माळवदाच्या वाड्याचं काम करत असाल तर इथं थांबा. दगड-मातीची भिंत अडीच फुटी असली की त्याच दहा बाय बाराची १२.५ बाय १४.५ होते, निम्म्याहून जास्त मोठी. तिथं मध्यरेषेची युक्ती चालत नाही. अशा वाड्यासाठी मी खोल्या आतल्या मापानंच ठेवतो आणि कोणती भिंत कुणाला लागून आहे त्या जोड्या हातानं लावतो. कंटाळवाणं आहे, पण वाड्यात खोल्या तरी किती असतात!

६. उत्तर दिशा

नकाशावरचा बाण पुष्कळदा शोभेला असतो. रस्ता कागदाच्या तळाला यावा म्हणून नकाशा फिरवतात आणि बाण तसाच राहतो. उपग्रह नकाशावर इमारतीच्या लांब भिंतीचा कोन मोजा आणि खरी उत्तर घ्या. खोल्या फिरवू नका, एनर्जीप्लसमध्ये 'नॉर्थ ॲक्सिस'ला कोन द्या.

७. किती झोन ठेवायचे

प्रत्येक खोली वेगळा झोन केलीच पाहिजे असं नाही. दार नसलेल्या, एकमेकींत उघडणाऱ्या जागा एक करा. सारख्या दिशेच्या, सारख्या वापराच्या, ओळीतल्या खोल्याही एक करता येतात. पण सर्वांत वरचा मजला मधल्यांत मिसळू नका. पहिला आणि दुसरा मजला सारखेच असल्यानं एकच काढून त्याला मल्टिप्लायर २ दिला. तळमजला आणि वरचा मजला स्वतंत्र. मालकाचा प्रश्नच वरच्या मजल्याचा होता, तो सरासरीत बुडवला असता तर उत्तर मिळालं नसतं.

एल आकाराच्या खोल्या असतील तर सूर्यप्रकाशाच्या वाटपाचा पर्याय 'फुल एक्स्टिरिअर' ठेवा. आतल्या पृष्ठभागांवर ऊन नेमकं कुठे पडतं ते मोजणाऱ्या पर्यायाला खाच नसलेल्या खोल्या लागतात.

८. खिडक्या, सज्जा आणि शेजारची इमारत

नकाशावरून खिडकीची रुंदी कळते, उंची नाही. ती तक्त्यातून आणि सेक्शनमधून घ्या. आपल्याकडे लिंटेलचा तळ बहुधा सात फुटांवर असतो, त्यावरून सिल (खिडकीचा खालचा काठ) काढता येतो. 'भिंतीच्या २० टक्के खिडकी' असा सरसकट नियम लावणारं बटण जिओमेपीत आहे. पहिल्या चाचणीला ठीक, अहवालाला नको: पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नसताना ते बटण तिथं चार खिडक्या पाडतं.

सज्जा नकाशात तुटक रेघेनं असतो किंवा नसतोच. दीड फुटी की दोन फुटी, साइटवर मोजा. हॉस्टेलच्या गल्लीत इमारती खेटून असतात, तेव्हा शेजारच्या इमारतींचे नुसते ठोकळे सावलीसाठी टाका. आमची पूर्वेची भिंत शेजाऱ्याच्या सावलीतच होती.

९. मॉडेल उभं करा

जिओमेपीत प्रत्येक खोलीचे कोपरे आणि उंची देऊन ब्लॉक टाकायचा, सगळे झाले की एकमेकांना टेकलेल्या भिंती छेदून जुळवायची आज्ञा द्यायची. ती विसरलात तर पाचव्या पायरीतला घोळ परत येतो. ड्रॅगनफ्लायची मांडणी मला जास्त पटली: तिथं खोली म्हणजेच फरशीचा बहुभुज आणि उंची, मजल्याला मल्टिप्लायर, शेजार आपोआप जुळतो. नव्यानं सुरुवात करणार असाल तर तेच घ्या.

स्लॅबच्या थरांत गच्चीवरचा कोबा विसरू नका. तुलनेला एक आकडा जवळ ठेवा: राहत्या घरांसाठीच्या इको-निवास संहितेत (२०१८) छताचं यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा) जास्तीत जास्त १.२ चालतं, आणि नुसता आरसीसी स्लॅब त्याच्या दुपटीच्याही वर जातो.

१०. हवामान फाइल: नावाचा गोंधळ

इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेच्या (ईसीबीसी) यादीत आपलं संभाजीनगर 'उष्ण व कोरडं' या गटात आहे, पण नोंद 'औरंगाबाद' अशीच. हवामान फाइलही त्याच नावानं मिळते. शोधताना जपा, औरंगाबाद बिहारमध्येही आहे. फाइलची पहिली ओळ उघडा: अक्षांश २० च्या जरा खाली असेल तर आपलं, २४ च्या वर असेल तर बिहारचं.

इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संस्थेच्या हवामान फाइलींत लातूर नाही. सोलापूर जवळ, पण लातूरपेक्षा दीडेकशे मीटर खाली आणि जास्त तापणारं. मी सोलापूर आणि संभाजीनगर अशा दोन्ही फाइलींवर रन घेतले आणि दोन्ही उत्तरं मालकापुढे ठेवली. उपायांचा क्रम दोन्हींत तोच आला, त्यामुळे वाद मिटला.

११. पहिला रन आणि एरर फाइल

रन संपला म्हणून खूश होऊ नका, एरर फाइल उघडा. 'फ्लोअर इज अपसाइड डाउन' दिसलं तर बहुभुजाची दिशा उलटी आहे, चौथ्या पायरीकडे परत. झोन पूर्ण बंद नाही असं आलं तर पाचव्या पायरीतली फट राहिली आहे. 'वॉर्निंग' शेकड्यांनी येतात, 'सिव्हिअर' (गंभीर चूक) एकही सोडू नका.

पहिला रन एसी-कूलर काहीही न लावता घ्या आणि मे महिन्यातल्या एका दिवसाचं खोल्यांचं तापमान काढा. वरचा मजला मधल्यापेक्षा तापलेला, पश्चिमेची खोली संध्याकाळी सर्वांत वाईट, असं दिसलं नाही तर मॉडेलमध्ये गडबड आहे. एसी नसलेल्या इमारतीत 'किती तापलं म्हणजे जास्त' हे ठरवायला भारतीय ॲडॅप्टिव्ह कम्फर्ट मॉडेल वापरा: बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणा, १२.८३ मिळवा. सरासरी ३३ असेल तर ३०.६५ अंश. त्याच्यावर २.३८ अंशांपर्यंत बहुतेकांना चालतं. त्याहून जास्त तापलेले तास मोजा, तोच तुमचा निकाल.

पांढऱ्या रंगाची तुलना करताना ऊन किती परतवतो तो डब्यावरचा आकडा घेऊ नका. आपल्याकडच्या धुळीत एका उन्हाळ्यात गच्ची करडी होते. मी नव्या रंगाचा एक आणि मळलेल्याचा एक असे दोन रन घेतो.

हॉस्टेलनंतर उदगीरच्या एका घराचा नकाशा आला. तोच ड्राफ्ट्समन, यंदा झोनचा लेयर न मागता आला. त्याआधी फोन आला होता: "सर, देवघराला दार नाही. वेगळं धरू का हॉलातच?"

"हॉलातच," म्हटलं. "आणि जिन्याला वरती दार आहे का, ते बघून सांग."